समोरच्या स्टुलावर

जिंतूरच्या एसटी स्टँडसमोर सायकलच्या दुकानाला लागून सुग्रीव वाव्हळेचा 'सुमेध फोटो स्टुडिओ' होता. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मधल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याची जागा आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. सुग्रीव मॅट्रिक झाला होता. दोन वर्षं नोकरीचे अर्ज करून झाल्यावर त्याने परभणीत जलालसाब नावाच्या म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे काम धरलं आणि चार वर्षांनी जिंतूरला येऊन स्वतःचं दुकान टाकलं. जलालसाबने त्याला निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकवलं होतं. बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुग्रीव माणसांच्या चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायचा. त्यामुळे त्याच्याकडचे सगळे चेहरे गुळगुळीत यायचे आणि थोडेफार एकसारखे दिसायचे. गिऱ्हाइकांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्याची बायको कुसुमबाई बोरीची. नऊ वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण उजवा गाल खडबडीत झाला आणि उजव्या डोळ्यात फूल पडलं. तेव्हापासून ती वर्गात बसायची ती उजवी बाजू भिंतीकडे करून. लग्नकार्यात पंगतीला बसतानाही ती बरोबर कडेची जागा धरायची. समोरचा माणूस आपल्याला कुठून बघतो आहे आणि उजेड कुठून पडतो आहे, हे तिला मान वर न करता कळायचं. हे आपल्याला येतं, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं. सुग्रीवच्या वडलांनी तिला बघितली तेव्हा पोरगी सातवी शिकलेली आहे, कामाला चांगली आहे, एवढंच म्हटलं. चेहऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि तिच्या माहेरच्यांना तो त्यांचा मोठेपणा वाटला. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन मुली शाळेत जाऊ लागल्या, तरी सुग्रीवही त्या विषयावर चांगलं किंवा वाईट काही बोलला नव्हता.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघायच्या होत्या. बोरीचा लिंबाजी बायकोला, छबूबाईला, घेऊन स्टुडिओत आला. त्यांची पाच वर्षांची मुलगी आजीजवळ मागे राहणार होती. आईबाप सहा महिने दिसणार नाहीत, तर निदान फोटो तरी घरात असावा, असं लिंबाजीच्या मनात होतं. तो स्वतः नीट उभा राहिला. छबूबाई मात्र दिवे लागल्याबरोबर ताठरली. मान खांद्यात गेली, मुठी आवळल्या, ओठ इतके घट्ट मिटले की दिसेनासे झाले. सुग्रीव काळ्या कापडाखालून 'हसा, हसा' म्हणत होता आणि ती आणखी घाबरत होती. दोन फिल्म वाया गेल्या. लिंबाजीने तिला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुसुमबाई आतल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. ती सूप बाजूला ठेवून उठली, छबूबाईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला म्हणाली, की कॅमेऱ्याकडे बघूच नको, माझ्याकडे बघ. मग तिने छबूबाईला थोडं तिरपं उभं केलं, एका पायावर भार द्यायला लावला, आवळलेली मूठ सोडवून हातात पदराचं टोक दिलं. ओठ मिट पण दात मिटू नको, असं सांगितलं. छबूबाईने तसं करून पाहिलं आणि तिचा जबडा सैल पडला. मुलीला घरी काय म्हणून हाक मारतेस, असं कुसुमबाईने विचारलं. छबूबाईने नाव सांगितलं आणि त्याच वेळी सुग्रीवने फोटो घेतला.

तो फोटो बोरीला गेला. छबूबाईच्या सासूने तो उजेडात नेऊन बराच वेळ बघितला आणि मुलाला म्हणाली, "आशी दिसती व्हय रे ही? सात वरसं झाली, आमाला कुनी सांगितलंच न्हाई." ही गोष्ट लिंबाजीने पुढे ज्याला त्याला सांगितली. तिथून बायका यायला लागल्या.

कुसुमबाईला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती एकेक बाई आली की तिला बघायची आणि जमेल तसं करून पाहायची. जाड दंडाच्या बाईला ती दंड अंगापासून थोडा लांब धरायला सांगायची, म्हणजे तो निम्मा दिसायचा. आखूड मानेच्या बाईला श्वास सोडायला सांगायची. सावळ्या मुलींना त्यांच्या आया पावडर फासून आणायच्या. ती ओल्या फडक्याने पुसून काढायची आणि गालाच्या हाडावर खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. दिवा समोरून न लावता बाजूला घ्यायला तिने सुग्रीवला सांगितलं. सुरुवातीला तो कुरकुरला. मग त्याच्या लक्षात आलं, की त्याला निगेटिव्हवर पूर्वीइतकं बसावं लागत नाही. सुग्रीवच्या हाताला गुण आहे, असं जिंतुरात लोक म्हणू लागले. हे काम बायकोचं आहे, असं तो खरं ते सांगायचा. लोकांना तो त्याचा विनय वाटायचा.

पुढच्या संक्रांतीनंतर वालूरचे भगवानराव आपल्या आईला घेऊन आले. बरोबर त्यांची बायको लक्ष्मीबाईही होती. गावात मान असलेलं, बऱ्यापैकी जमिनीचं घर होतं ते. आई सरजाबाई पासष्टीच्या पुढची, विधवा, पाठीत वाकलेली. आई गेल्यावर भिंतीला लावायला एक तरी फोटो पाहिजे, असं भगवानराव तिच्यासमोरच म्हणाले आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरजाबाईला खुर्चीवर बसवल्यावर भगवानरावांनी सुग्रीवला दारापाशी बोलावलं. आवाज हळू ठेवून ते म्हणाले, की आपलं स्वतःचं काही नाही, पण आई जुन्या वळणाची आहे. तेव्हा बाईंनी तिला हात लावू नये, काय सांगायचं ते तोंडाने सांगावं. ते अदबीने बोलत होते. सुग्रीवची कानशिलं तापली. चौदा वर्षांचा असताना तो वडलांबरोबर नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेला होता. ज्या शब्दांनी तो या माणसाला दुकानाबाहेर काढणार होता, ते शब्द त्याच्या ओठांवर आले होते.

कुसुमबाईने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला नजरेने थांबवलं, आत गेली आणि स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणून सरजाबाईच्या समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला मांडलं. त्यावर ती बसली. तिने पाठ वाकवली, मान पुढे घातली, दोन्ही हात गुडघ्यांत कोंबले. समोर सरजाबाई जशी बसली होती, हुबेहूब तशी.

लक्ष्मीबाई चपापली. सरजाबाईने बारीक डोळे करून विचारलं, "नक्कल करायलीस का मपली?"

"न्हाई आजी," कुसुमबाई म्हणाली. "तुमी बसल्या तशी बसून बघायले. त्याबिगर कुठं आडतंय ते मला कळत न्हाई."

मग ती तशीच राहून हळूहळू बदलत गेली. स्टुलाच्या कडेपर्यंत पुढे सरकली. पाय मागे घेतले. डावा खांदा थोडा पुढे केला, हनुवटी कोंबडीसारखी पुढे काढून किंचित खाली घेतली. एक हात दुसऱ्या मनगटावर ठेवला. प्रत्येक वेळी ती थांबायची आणि सरजाबाई तेवढं करायची. सरजाबाई डावीकडे वळावी म्हणून कुसुमबाईला आरशातल्यासारखं उजवीकडे वळावं लागत होतं, आणि त्यामुळे तिचा उजवा गाल आणि फूल पडलेला डोळा सरळ दिव्याच्या उजेडात येत होता. तिचं सगळं लक्ष समोरच्या पाठीकडे होतं. त्या पाठीचा बाक आता पदराच्या आणि खांद्याच्या आड गेला होता. तो पुरता लपला नव्हता, पण म्हातारी आता वाकलेली दिसत नव्हती. कुणीतरी काही सांगतंय आणि ती पुढे होऊन ऐकतेय, अशी दिसत होती.

सरजाबाई तिच्याकडे एकटक बघत होती. "तू लय देखणी बसतीस गं," ती म्हणाली.

कुसुमबाईबद्दल तिच्या आयुष्यात हा शब्द कुणी वापरला नव्हता. "हलू नका, आजी," एवढंच ती म्हणाली. सुग्रीवने फोटो घेतला.

माणसं गेल्यावर सुग्रीवचा राग बाहेर पडला. जिला आपला हात चालत नाही, तिचं कौतुक तिच्याच अंगावर फेकायला पाहिजे होतं, असं तो म्हणाला. तू स्टूल आणून बसलीस म्हणजे त्यांचं ऐकलंस, असंही म्हणाला. कुसुमबाईने त्याला बोलू दिलं. ती अपमान विसरली नव्हती. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर ती पाठ होती. ती कशी बसवली म्हणजे नीट येईल, हे तिला दिसलं होतं आणि तसं होतंय का हे बघितल्याशिवाय तिला राहवलं नसतं. हे तिने त्याला सांगितलं. सुग्रीवला ते पटलं नाही, पण त्याने विषय वाढवला नाही.

म्हातारीच्या त्या शब्दाचं काय करायचं, हे मात्र तिला कळेना. दुसऱ्या घरचं भांडं आपल्याकडे राहून जावं, तसा तो दोनचार दिवस तिच्याजवळ होता. आनंद म्हणावा तर तो आला होता अशा माणसाकडून. खोटा म्हणावा तर सरजाबाईला खोटं बोलायची काही गरज नव्हती.

फोटो भगवानरावांना फार आवडला. त्यांनी तो मोठा करून चौकटीत बसवून नेला. वालूरला तो बैठकीत लागला आणि येणारेजाणारे तो कुठे काढला म्हणून विचारू लागले. तोवर कुसुमबाईच्या लक्षात आलं होतं, की समोर बसून दाखवलं तर हाताने वळवण्यापेक्षा बायका लवकर शिकतात. हात लावला की अंग आखडतं. समोरचं बघून मात्र ते आपोआप वळतं. तेव्हा तिचा हात लागल्याचं ज्यांना काही वाटत नव्हतं, त्यांनाही ती तशीच बसवू लागली. स्टूल स्वयंपाकघरात परत गेलं नाही.

आणि एक गोष्ट झाली, ती तिने गृहीत धरलेली नव्हती. रोज दहा-पंधरा बायका तिला समोर बसून निरखू लागल्या. फोटोसाठी का होईना, पण त्या तिचे खांदे, तिची मान, तिचे हात लक्ष देऊन बघायच्या आणि बघता बघता बोलून जायच्या. दवाखान्यातली नर्स म्हणाली, तुमची मान फार छान आहे. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, तुम्ही वर्गावर असता तर पोरी सरळ बसायला शिकल्या असत्या. परभणीहून आलेल्या एका नवरीने फोटो झाल्यावर तिला विचारलं, की असे हात ठेवायला तुम्ही कुठे शिकलात. पहिल्या पहिल्यांदा कुसुमबाई आत निघून जायची. नंतर नंतर 'व्हय?' म्हणून कामाला लागायची. रस्त्यात चालताना ती आता उजवी बाजू दुकानांच्या भिंतीकडे ठेवत नाही, हे सुग्रीवला एकदा जाणवलं. तो तिला तसं काही म्हणाला नाही.

शहात्तरच्या मार्गशीर्षात सरजाबाई पुन्हा आली. या वेळी भगवानराव नव्हते. लक्ष्मीबाई तिचा हात धरून एसटीतून घेऊन आली होती. म्हातारीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले होते. परभणीच्या डॉक्टरने पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरवलं होतं. ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा लागतो आणि त्यात डोळे घुबडासारखे दिसतात, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणून त्याआधी तिला एक फोटो काढायचा होता, आणि तो घरासाठी नव्हता. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई निजामाबादकडे दिलेली होती. आईवडील गेल्यावर माहेर मोडलं आणि दोघींची भेट होईनाशी झाली. अठरा वर्षं झाली होती. आता बहिणीचं पत्र आलं होतं, की तुझा फोटो तरी पाठव.

जुन्या फोटोची निगेटिव्ह आहे, त्याचीच एक कॉपी काढून देतो, असं सुग्रीव म्हणाला.

"त्यो नगं," सरजाबाई म्हणाली. "त्यात मी भगवानची माय दिसते म्हनत्यात. पारूला तिची बहीन पायजे."

तिला खुर्चीवर बसवलं. कुसुमबाई सवयीने समोरच्या स्टुलावर बसली आणि मग तिच्या लक्षात आलं. सरजाबाई तिच्या दिशेने बघत होती, पण तिच्याकडे नाही.

"बसलीस का?" म्हातारीने विचारलं. "मला काई दिसत न्हाई. नुसतं पांढरं दिसायलंय."

कुसुमबाईने तोंडाने सांगून पाहिलं. डावा खांदा पुढे घ्या म्हटलं की सरजाबाई सगळीच पुढे कलायची. मान वर म्हटलं की ती छताकडे बघायची. मग लक्ष्मीबाई म्हणाली, तुमी सांगा, मी हाताने करते. पण सासूला हात लावताना ती इतकी बिचकत होती, की म्हातारीचा पदर तेवढा हलत होता, अंग जागेवरच होतं. तिसऱ्या वेळी सरजाबाईने तिचा हात झटकला आणि तू बाजूला हो म्हणून सांगितलं.

सुग्रीव कापडाखालून बाहेर आला होता आणि बायकोकडे बघत होता. दिव्यांनी खोली तापली होती. कुसुमबाई स्टुलावरून उठली नाही. आपण होऊन जायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवलं नव्हतं. बाहेर स्टँडवर कंडक्टर परभणी, परभणी ओरडत होता. तो ओरडायचा थांबला, बस सुरू झाली आणि निघून गेली.

"बाई, ये," सरजाबाई म्हणाली. "तूच बसव मला."

"मागल्या बारीला हात लावू नका म्हनलं व्हतं," कुसुमबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खात्री करून घ्यावी तसं ती बोलली.

"भगवाननं म्हनलं व्हतं." सरजाबाईने मांडीवरचा पदर चाचपला. "मीच सांगितलं व्हतं त्याला."

"आन् आता?"

"आता मला गरज हाय."

लक्ष्मीबाईने मान खाली घातली. सुग्रीवला वाटलं, आता कुसुम उठून आत जाईल, आणि ती गेली असती तर त्याने तिला दोष दिला नसता. कुसुमबाईने त्या उत्तराचा विचार केला. म्हातारीने चूक झाली म्हटलं नव्हतं, की आता जग बदललं वगैरे म्हटलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं होतं. कुसुमबाई उठली.

तिने सरजाबाईच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. आपल्याला काहीतरी वाटेल, जिंकल्यासारखं किंवा किळस आल्यासारखं, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. म्हातारीची कातडी ऊन आणि मऊ होती, डोक्याला तेलाचा वास होता. तिच्या स्वतःच्या आईला शेवटच्या आजारपणात ती न्हाऊ घालायची तेव्हा असायचा तसा. तिने खांदा धरून पाठ सोडवली, हात एकावर एक ठेवले, पदर मागे घेऊन कानाची पाळी मोकळी केली. काम करता करता तिने विचारलं, की पारू लहानपणी कशी होती.

सरजाबाई सांगू लागली. पारू कशी कामचोर होती, हरभऱ्याच्या दिवसांत ओटीत हरभरा चोरून आणायची आणि बापाने विचारलं की सरजीनं आणला म्हणून सांगायची. एकदा तिने ओटीत घाटे समजून काय काय भरून आणलं आणि त्यातून सरडा निघाला. तो चुलीवरून उडी मारून बापाच्या ताटात पडला. हे सांगताना सरजाबाईला हसू आवरेना. तिच्या तोंडात वरचे दोनच दात होते आणि ते दोन्ही दिसत होते. कुसुमबाई झटकन बाजूला झाली. सुग्रीवने फोटो घेतला.

निघताना सरजाबाईने कंबरेच्या पिशवीतून बहिणीचा पत्ता लिहिलेलं पाकीट काढून कुसुमबाईच्या हातात दिलं आणि फोटो तयार झाला की तूच परस्पर टाक, म्हणाली. घरी नेला तर राहून जाईल, असंही म्हणाली. तिचा अंदाज बरोबर होता. आठ दिवसांनी भगवानराव कामासाठी जिंतूरला आले असता दुकानात डोकावले, तिथे ठेवलेली फोटोची दुसरी प्रत बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. वयस्क बाईमाणसाचा असा तोंड उघडून हसतानाचा फोटो पाहुण्यांत पाठवण्यासारखा नाही, त्याऐवजी जुन्याचीच कॉपी द्या, असं त्यांनी सांगितलं. सुग्रीवने जुन्याची कॉपी करून दिली. नवा फोटो कुसुमबाईने आदल्या दिवशीच पोस्टात टाकला होता. हे त्या दोघांनीही भगवानरावांना सांगितलं नाही.

महिन्याभराने निजामाबादहून पत्र आलं, स्टुडिओच्या नावावर. पार्वतीबाईच्या मुलाने आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं. अक्षर चांगलं होतं, मराठी थोडं अडखळत होतं. कुसुमबाईने ते दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाचलं. लिहिलं होतं, की दोन फोटो मिळाले. एक भगवानभाऊंनी पाठवला, तो मोठ्या घरच्या बाईचा आहे. दुसऱ्यात ताई आहे. ताई हसली की तिचा डावा डोळा बारीक होतो, ते आई विसरून गेली होती. फोटो बघून तिला आठवलं. ज्यांनी ताईला बसवलं, त्यांना ताई माहीत असली पाहिजे, असं आई म्हणते. त्यांचं नाव कळवा.

कुसुमबाईने पत्र दोनदा वाचलं. या बाईने तिला पाहिलेलं नव्हतं. तिची मान, तिचे हात, तिचा गाल यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. आजवर जे जे कुणी म्हटलं होतं, त्यात कुठेतरी चेहऱ्याचा विषय टाळल्याचा भास तिला व्हायचा. यात तसं काही नव्हतं. सुग्रीव म्हणाला, कार्ड टाकून दे, सुमेध फोटो स्टुडिओ म्हणून. तिने कार्ड आणवलं, फोटो पोचल्याचं वाचून बरं वाटलं असं लिहिलं आणि खाली सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिलं: कुसुम सुग्रीव वाव्हळे, जिंतूर.

सरजाबाईचं ऑपरेशन पौषात झालं आणि चांगलं झालं. चैत्रात पार्वतीबाई मुलाला घेऊन वालूरला आली. अठरा वर्षांनी बहिणी भेटल्या, आणि चौथ्या दिवशी दोघी भगवानरावांच्या मागे लागून जिंतूरला आल्या. भगवानराव सायकलच्या दुकानापाशी ओळखीच्या माणसाशी बोलत उभे राहिले. आत आले नाहीत.

सरजाबाईला खरंच जाड चष्मा लागला होता आणि त्यात तिचे डोळे दुप्पट दिसत होते. फोटोपुरता तो काढून ठेवते, असं ती म्हणाली. कुसुमबाई नको म्हणाली. चष्मा काढला की म्हातारी डोळे ताणून बघायची आणि चेहरा ओढल्यासारखा व्हायचा. तिने दिवा थोडा वर घेतला आणि सरजाबाईची मान जराशी खाली केली, म्हणजे भिंगावर उजेड चमकणार नाही. पार्वतीबाई हे सगळं बघत होती. ती बुटकी, गोलसर, बोलकी होती आणि मधूनच तेलुगू बोलून जायची. तुझ्या अक्षरावरून मला वाटलं होतं तू शाळामास्तरीण असशील, ती कुसुमबाईला म्हणाली. मग तिने आपल्या हातातली पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी कुसुमबाईचे हात धरले.

दोघींना बाकावर शेजारी बसवलं. कुसुमबाई नेहमी जोडीने बसणाऱ्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवायची, नाहीतर दोन अंगं मिळून एकच ढीग दिसतो. त्या दोघींमध्ये तिने ते ठेवलं नाही. सुग्रीवने तीन फोटो घेतले. एक हलला, कारण पार्वतीबाई बोलत होती. बाकीचे दोन चांगले आले. एक निजामाबादला गेला, एक सरजाबाईने मागून घेतला आणि भगवानरावांना न विचारता आपल्या खोलीत लावला.

त्या दिवशी परत निघताना वालूरवरून जाणाऱ्या सेलूच्या बसची वेळ झाली होती. भगवानराव जागा धरायला पुढे गेले. पार्वतीबाई मुलाबरोबर रस्ता ओलांडून गेली. सरजाबाई दुकानाच्या पायरीपाशी थांबली. नव्या चष्म्यातून पायरी किती खोल आहे, ते तिला कळत नव्हतं. तिने दोनदा पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. मग तिने बाजूला हात केला. शेजारी कुसुमबाई होती. कुसुमबाईने तो धरला, तिला खाली उतरवलं आणि तशीच धरून भर दुपारच्या गर्दीतून, टांग्यांच्या आणि सायकलींच्या मधून, बसपर्यंत घेऊन गेली. स्टँडवर वालूरची चार माणसं होती. भगवानराव बसच्या दारातून बघत होते. त्यांनी खाली वाकून आईचा दुसरा हात धरला आणि तिला वर घेतलं. कुसुमबाईला ते काही म्हणाले नाहीत. तिनेही त्यांच्याकडे बघितलं नाही.

ती परत आली तेव्हा दुकानात एक बाई दोन लेकींना घेऊन बसली होती आणि सुग्रीव नवी फिल्म भरत होता.